कंबर, श्वास सोडून

शटर अर्धं ओढून
मी मोबाइलला माझं माप देते.
उंची सेंटीमीटरमध्ये मागतो.
तीस वर्षं इंचांत काढलेल्या बाईला हे म्हणजे
दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चमचे शोधण्यासारखं.
टेप उलटी केली. मागच्या बाजूला सेंटीमीटर होते,
इतकी वर्षं तिथेच.
एकशे बावन्न.

वजन गेल्या आठवड्यातलं, पद्मावतीच्या केमिस्टकडचं,
चपलांसकट.
चपला वजा करायला रकाना नाही.

पूर्वी स्वारगेटला रुपया टाकला की
दिवे लुकलुकायचे, चक्र फिरायचं
आणि पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं,
एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य.
'आपला स्वभाव उदार आहे. प्रवासाचा योग.'
हाही तसाच, फक्त योग वेगळे.
साखरेचा मध्यम.
हृदयाचा, येत्या दहा वर्षांत, शेकडा अकरा.
शेकडा अकरा म्हणजे शंभर बायकांतल्या अकरा,
म्हणजे माझ्या दिवाळीच्या ऑर्डरींतल्या
सोसायटीच्या भिशीतल्या चार, बँकेतल्या त्या दोघी...
नावं धरायला लागले, मग सोडून दिलं.

हर्षला म्हणते, आई, अंदाज असतो गं तो.
अंदाज मला शिकव.
बाई रस्ता ओलांडून दुकानात येईपर्यंत
मी तिची छाती सांगते, फार तर अर्धा इंच इकडेतिकडे.

पुढचा रकाना कंबर.
खाली बारीक अक्षरांत : श्वास सोडून मोजा.
हे मात्र कुणा जाणत्याने लिहिलंय.
टेप दिसली की बायका पोट आत घेतात,
कॉलेजातल्या घेतात, नातवंडंवाल्याही घेतात.
मी घाई करत नाही. विचारते,
तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं हो?
पाण्याचं सांगता सांगता श्वास सुटतो.
तेव्हा ओढायची.

मापांची वही, पान चौतीस. कुंजीर वहिनी.
नव्या नवरीचं बत्तीस, मग चौतीस,
दोन बाळंतपणं, मग अडतीस.
मी आत दीड इंच माया ठेवतेच,
दर दोन वर्षांनी वहिनी ती उसवून घ्यायच्या
आणि स्वतःवरच हसायच्या.
शेवटच्या वर्षी उलटं झालं.
श्रावणात एक टीप आत. नवरात्रात आणखी एक.
संक्रांतीचा काळा ब्लाउज तर
खांद्यावर ठरेना.
मी म्हटलं, काय वहिनी, डाएट वाटतं?
म्हणाल्या, अठ्ठेचाळीस किलो झाले बघ.
मग हळूच, भूकच लागत नाही गं.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
टाचण्या काढून बोलता आलं असतं.

आत्ता दुकानात कुणी नाही म्हणून
मी वहिनींचे आकडे भरले.
वय त्रेपन्न. उंची एकशे सत्तावन्न. वजन अठ्ठेचाळीस.
गोल फिरला, थांबला,
हिरवी पट्टी आली :
'अभिनंदन! आपलं वजन योग्य आहे.'

पाडव्याला त्या नव्हत्या.
काळा ब्लाउज अजून हँगरला आहे, न्यायला कुणी आलं नाही.
आतून हात फिरवला तर
सगळी माया तिथेच जमलेली, दोन्ही कडांना, जाड.

आता माझी कंबर.
आरशासमोर टेप गुंडाळली आणि पोट आत गेलं.
बघायला कुणी नव्हतं, तरी.
सोडला. टेप लागली, परत आत.
तिसऱ्यांदा तेच.
तेवढ्यात शटरखालून वाकून
पिको-फॉलवाली शमशाद :
'ताई, उद्या लाइट जाणार का? नाहीतर ह्या चार साड्या आजच उरकते.'
उद्या गुरुवार, मी म्हटलं, जाणारच,
दहाला गेली की तीनपर्यंत नाव नाही,
आणि गेल्या खेपेला तर त्यांनी सांगितलं एक आणि केलं
— ओढली.

साडेएकोणचाळीस.
पेन्सिलीने वहीत लिहिलं, नव्या पानावर.
सेंटीमीटरचं उद्या बघू.